कापलेला कोपरा

"तू कापलंस!"

"म्बाह, तुम्ही उकरलंत?"

"आधी मला उत्तर दे. कापलंस का नाही?"

"पुरलेलं उकरलंत? स्वतःच्या हातानं?"

"मग काय करू? नातू रोज दिवेलागणीला टाहो फोडतो. आई पाजते, बाप झुलवतो, तरी गप होत नाही. धाकट्याला काही दुखतंय का, बघायला नको?"

बाळामागून पडते ती वार म्हणजे बाळाचा धाकटा भाऊ. बापानं ती धुवायची, मीठ-फुलं घालून मडक्यात निजवायची, दाराशी पुरायची, वर दिवा ठेवायचा. धाकटा दुखावला की बाळ रडतं, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण पुरलेलं मडकं उकरून झाकण उघडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. कार्सिना म्बाह, म्हणजे कार्सिना आजी, तंबाखूच्या वाळवणात उभी, नखांत माती, पायाशी ते मडकं, आणि समोर विगातीबाई. मी शेजारची, तंबाखू उलटायला आले होते, उलटायचं राहूनच गेलं.

"कोपरा बघ," म्बाह मला म्हणाली. "कुजलाय का? सरळ रेघेत कापलाय. सुरीनं."

मी बघितलं नाही. मी विगातीबाईंचं तोंड बघत होते.

विगातीबाई याच गावच्या. आई दारोदार सोयाबीनच्या वड्या, टेंपे, विकायची, त्या टोपलीमागून चालणारी ही मुलगी शहरात शिकली, विद्यापीठात लागली. गरोदरपणी ज्या बायकांचा रक्तदाब चढतो, त्यांच्या वारेत काय बिघडतं, हे ती आयुष्यभर शोधत आलीय. म्हणे दूरदूरच्या देशांतले डॉक्टर तिचं लिहिलेलं वाचून बायकांना तपासतात. या विषयावर कुणी काही लिहिलं, तर खाली तिचं नाव घालावंच लागतं. असेल. गावात तिचं नाव निघतं ते वेगळ्या कारणानं. पन्नाशी उलटली तरी चेहऱ्यावर सुरकुती नाही. मिरच्या निवडता निवडता बायका म्हणतात, "इतक्या वारा नेते, त्या जातात कुठं? क्रीम करून लावत असणार." मी हसते. पण ती समोर आली की माझी नजर आधी तिच्या गालांवर जाते.

"मी भांडायला नाही आले, म्बाह," ती म्हणाली. "पुजियातीसाठी आलेय. दवाखान्यात सकाळी दाब मोजला, फार चढलाय. गाडी रस्त्यावर उभी आहे. आत्ताच्या आत्ता शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं."

पुजियाती ही धाकटी सून, आठवा सरत आलेला. ती पायरीवर बसली होती, तळवे डोळ्यांवर दाबून. पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखे झाले होते.

"आणि तिथं हिच्याही वारेचा कोपरा कापशील."

"तिनं दिला तर. नाही म्हणाली तर हात लावणार नाही."

"मोठीनं दिला होता? तिला विचारलंस?"

मोठी सून रुमिनी दारात उभी होती, खांद्यावर बाळ. विगातीबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"चूक माझी, म्बाह. घरच्यांशी बोलायला हवं होतं."

"हे उत्तर नव्हे. विचारलंस का नाही?"

"चूक माझी म्हटलं ना."

मला वाटलं, विचारलं असेल तर सरळ हो का म्हणत नाही? म्हणजे पाणी मुरतंय. तेवढ्यात रुमिनी बोलली.

"मी दिला, आई. बाळंत झाले तेव्हा मला विचारूनच घेतला. नखाएवढा."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"त्यानं तुम्हाला सांगितलं असतं."

"वा! घरातच फितुरी! काय दिलं हिनं तुला? क्रीमची डबी?"

"तोंड बघा माझं, आई. रात्र रात्र जागतेय. क्रीम लावल्यासारखं दिसतंय का?"

मला हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही.

म्बाह विगातीबाईंच्या अगदी जवळ गेली. "तुझी ताई बाळंतपणात माझ्या मांडीवर झटके देत गेली. आम्हीच मारली असं वाटतं ना तुला? त्याचं उट्टं काढतेस आमच्या लेकरांवर?"

"ताईला तेव्हा काय होत होतं, ते तुम्हाला कळलं नाही. मलाही नाही. म्हणून तर या वारा बघत बसले." बाईंनी पुजियातीकडे बोट केलं. "हिला काय होतंय ते मात्र मला कळतंय. तेच होतंय, म्बाह. तसंच डोकं, तसेच पाय."

"घाबरवतेस मला."

"हो."

म्बाहनं हातावरची माती झटकली. मग म्हणाली, "समजा, हिनं वार दिली नाही. तुझ्या काय कामाची ही? तरी नेशील गाडीतून?"

"बसवा आणि बघा."

"आधी सगळे असंच गोड बोलतात. तंबाखूचा दलालसुद्धा. भाव पाडतो तो माल गाडीत चढल्यावर."

बाईंनी रस्त्यावरच्या गाडीकडे बघितलं.

"पुजियाती," म्बाह वळली. "तूच बोल आता. नवरा तुझा परमुलखात, खाणीवर. तिथं तुझ्या धाकट्याला धुणार कोण? ही? तिची माणसं? माझ्याजवळ राहतेस, का हिच्यामागं जातेस?"

पुजियातीनं डोळ्यांवरचे हात काढले. अंगणातल्या उन्हाकडे तिला बघवेना. वाळवणाच्या बांबूला धरून ती उठली, तशी एक तट्टी कलली आणि तंबाखू मातीत सांडली. म्बाहच्या तोंडून "अगं—" एवढंच आलं. विगातीबाई आधार द्यायला पुढे झाली, तर पुजियातीनं तिचा हात बाजूला सारला. चपला पायांत शिरेनात. त्या तिनं हातात घेतल्या.

"पोरी, मी काहीतरी विचारलंय तुला!"

ती कुणाकडेही न बघता, कुंपणाला धरत धरत, गाडीच्या दिशेनं अनवाणी चालत गेली.