डाव्या पंखाखालचा अंगठा

२३ नोव्हेंबर, शनिवार. काम एवढंच होतं: विमानाच्या डाव्या पंखाखालचा सांधा कानशीने घासून सपाट करायचा. दहा-बारा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं आणि त्याआधी विमान पुरं करीन, असा शब्द मी दिला होता. तो दिला होता एका कावळ्यासमोर, म्हणून आधी ते सांगते.

नवरा आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायचा. उरलेल्या वेळात प्लास्टिकच्या सुट्या भागांची खोकी मागवायचा आणि त्यातून विमानं जोडायचा. लढाऊ विमानं त्याला नको असत. जुनी, पंख्यांची, माणसं नेणारी तेवढी हवीत. स्वतः तो आयुष्यात एकदाच विमानात बसला, तेही मधल्या खुर्चीत. त्याबद्दल परतीच्या गाडीत कणकवली येईपर्यंत कुरकुरत होता. मागच्या खोलीत काचेच्या कपाटात त्याची नऊ विमानं आहेत. दहावं टेबलावर अर्धवट होतं, डाकोटा, पंखांसकट हातभर रुंद, तेव्हा त्याच्या छातीत कळ आली. कोल्हापूरला नेत होतो. आंबा घाटात गाडी एका वळणावर हळू झाली, तेव्हा तो गेला.

दहाव्याला भाट्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवले. कावळे होते, पंधरा-वीस तरी, पण पिंडाला एकही शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो. धाकटा दीर हात जोडून पुढे झाला.

“दादा, आईला मी बघतो.”

काही नाही.

“दादा, मागची भिंत पावसाआधी बांधून घेतो.”

काही नाही.

“दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही.”

यावर जरा पुढे आलेला एक कावळाही मागे सरकला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. कोणीच शिवलं नाही तर लावायला त्यांनी दर्भाचा कावळा करून ठेवलाच होता. मला म्हणाले, “बाई, तुम्ही एकदा बोलून बघा.” माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ऊन चढत होतं आणि सासूबाई घरी उपाशी होत्या. मी म्हटलं, “अरे, विमान मी पुरं करीन. वर्षाच्या आत.”

वाक्य संपलं आणि कावळा पिंडावर होता.

दीर रडता रडता हसला. “वहिनी, तुमच्या नावाला पाठ आणि विमानाला चोच!” मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

विमान जोडणं मला येत नव्हतं, पण काम म्हणून बघितलं तर शिकण्यासारखं होतं. त्याचा पातळ गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतो, आणि दोन कडा एकमेकींत मिसळतात. तिथे शिवण उठते, ती घासून घालवायची. नवरा म्हणायचा, शिवण दिसली की विमान संपलं, खेळणं उरलं. पावसाळ्यात आमच्याकडे रंग लावता येत नाही, हवेतल्या ओलीने त्यावर दुधाळ साय धरते. म्हणून तो ठेवायचा तसे मीही लहान भाग तांदळाच्या डब्यात ठेवले आणि दिवाळीपर्यंत नुसतं घासलं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, अकरा ते एक, गाऊनवर त्याचा जुना शर्ट चढवून.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांनी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवसभर पुढच्या पडवीत बसतात. आषाढातल्या एका रविवारी मी हात धुऊन बाहेर आले, तर त्या शेजारणीला सांगत होत्या, “आत लेक बसलाय माझा. घासतोय.”

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली.

“आई, मी होते ती,” मी म्हटलं.

“तू नाय गो.”

“मीच होते. दुसरं कोण असणार?”

“तू भांडी घासतेस ती मी रोज ऐकत्ये. सगळी एकसारखी रेटतेस, राग काढल्यासारखी. हा तीनदा घासतो, थांबतो, फुंकतो, मग बोट फिरवतो. पाटी पुसायचा तेव्हापासून तसाच.”

पुढच्या रविवारी मी मोजलं. तीन. थांबले. फुंकलं. बोट फिरवलं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तो कामात असताना मी त्या खोलीत जात नसे, चहाही दाराशी ठेवून यायची. मग मुद्दाम चारदा घासायचं ठरवलं. चौथ्याला कानस घसरली आणि बोट सोलून निघालं.

त्यानंतर एकेक लक्षात यायला लागलं. माझा हात न बघता तिसऱ्या खणात जायचा आणि हवी तीच कानस बाहेर यायची. मी जीभ दातांत धरून काम करत होते. मी तसं कधी करत नाही. खोलीला थिनरचा वास येणं साहजिक आहे. पण ऑफिसात दस्तांवर वाकले की माझ्या केसांतून तो यायचा, आणि तो महिना असा होता की बाटलीचं झाकणही उघडलं नव्हतं.

एका बुधवारी संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “काल पण आला होता हो दुपारी.”

“काल मंगळवार होता, आई. मी ऑफिसात होते.”

“तेच तर सांगत्ये.”

शेजारच्या आगरातल्या फणसाची फांदी पत्र्याला लागत असेल, असा मी अंदाज केला. शेजाऱ्यांना विचारून, माणूस लावून ती तोडून घेतली. पुढच्या मंगळवारी घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, “आज जास्त वेळ बसला.” मी आणखी फांद्या शोधल्या नाहीत.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि मी विमानावर करडा प्रायमर मारला. त्याचं काम चुका दाखवणं. उघड्या पांढऱ्या प्लास्टिकवर जे दिसत नाही ते करड्यावर उठून येतं. डाव्या पंखाखाली, पंख पोटाला मिळतो तिथे, एक अंगठा उठून आला.

ओल्या गोंदावर बोट टेकलं की प्लास्टिक रेघ न् रेघ धरून ठेवतं. शिकाऊ माणसाची चूक. पंख मी जोडला नव्हता, तो आधीच जोडून ठेवलेला होता, पण माझी खात्री झाल्याशिवाय मी काही मानत नाही. मी दुय्यम निबंधक कार्यालयात आहे. जमिनींचे आणि घरांचे दस्त नोंदवायला येणाऱ्यांचे अंगठे घेण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा घेऊन भिंगाखाली धरला. माझा शंख आहे. पंखावरचं चक्र होतं, मधोमध एक आडवा चरा. कपाटातून आमच्या घराचं खरेदीखत काढलं. सहीशेजारी नवऱ्याचा अंगठा होता. चक्र. तोच चरा, कुठल्याशा पत्र्याने कधीतरी कापलेला.

मी भिंग खाली ठेवलं. वर्षभरात मी त्याचे कपडे वाटले, चष्मा देऊन टाकला, औषधं फेकली. घर आवरायचं तर हे करावंच लागतं, आणि ते करताना मी कुठे अडखळले नव्हते. त्याच्या अंगाचं काही घरात उरलं असेल हे माझ्या हिशेबातच नव्हतं. आणि उरलं ते नेमकं घासून टाकायच्या जागी.

दोन आठवडे मी बाकीचं सगळं केलं. चाकं बसवली, पंखे बसवले, उजवा पंख आरशासारखा केला. डाव्याला हात लावला नाही.

आता तो शनिवार. दीर पहाटेच्या गाडीने मुंबईहून आला. आंघोळ, चहा उरकून साडेअकराला मागच्या खोलीशी आला आणि दारातच थांबला. मी पाठमोरी बसले होते, अंगात तो शर्ट.

“दा…” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मी वळले. तो चौकट धरून उभा होता.

“वहिनी, आधी तो शर्ट काढा.”

“गाऊनला रंग लागतो.”

“काढा हो.”

मी काढला नाही. त्याला जवळ बोलावून अंगठा दाखवला, खरेदीखतावरचाही दाखवला. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

“हे राहू दे,” म्हणाला. “बाकी रंगवा. झालंच की विमान.”

“पुरं करीन म्हटलंय मी.”

“कावळ्याला काय कळतंय, सांधा घासलाय की नाही!”

“तुझ्या भावाला कळायचं. असला डाग असलेलं विमान त्याने कपाटात लावलं असतं?”

“लावतोय! फेकून मारलं असतं.”

“मग?”

“मग घासा तुम्ही. मी बघणार नाही.” पण तो जागचा हलला नाही.

मीही हलले नाही. शब्द पाळायचा तर अंगठा जाणार, अंगठा ठेवायचा तर शब्द मोडणार. असल्या गोष्टींवर विश्वास नसलेल्या बाईला दुसरं सोपं जायला हवं होतं. जात नव्हतं.

पडवीतून हाक आली. “आज का थांबलाय तो? नि काय भांडताय गो दोघं?”

मी विमान दोन्ही हातांवर घेऊन पडवीत गेले.

“आई, ह्याच्यावर त्याचा अंगठा उमटलाय. जोडताना चुकून लागलेला. विमान पुरं करायचं तर तो घासून टाकावा लागेल.”

त्यांचं बोट धरून मी जागेवर नेलं. त्यांनी ते फिरवलं नाही, नुसतं टेकवून ठेवलं. रस्त्यावरून मासळीवाली ओरडत गेली, वळणापलीकडे तिचा आवाज विरला, तरी बोट तिथेच होतं.

“केवढासा,” त्या म्हणाल्या. “चांगला मोठा होता की अंगठा त्याचा.”

“अर्धाच उमटलाय.”

“हां.” मग म्हणाल्या, “घास.”

“आई, विचार करून सांगा. परत येणार नाही तो.”

“मी काय करू ठेवून? मला दिसत नाय. तू बघत बसशील. रोज भिंग घेऊन बघत बसशील नि जेवायची नायस.” त्यांनी बोट उचलून मुठीत मिटलं. “नि तो तरी किती दिवस येईल घासायला? दमला असेल गो. मला आत ने.”

दिराने त्यांची खुर्ची आत नेऊन टेबलाशेजारी ठेवली. मी कानस घेतली. तीन. थांबले, फुंकलं, बोट फिरवलं. पुन्हा तीन. सासूबाई प्रत्येक घासण्याला मान हलवत होत्या. कडेच्या रेघा आधी गेल्या, मग बाहेरची वर्तुळं. मधला चरा खोल होता, तो शेवटपर्यंत राहिला. अकरा मिनिटं लागली.

“झालं?”

“झालं.”

त्यांनी हात पुढे केला. मी विमान खाली धरलं. त्यांचं बोट पंखावरून पोटापर्यंत आणि परत टोकापर्यंत गेलं, कुठे अडलं नाही. दीर केव्हाच मागच्या दाराने अंगणात गेला होता.

रंग त्याच दिवशी लावायला हवा होता. मी लावला नाही. जेवणं झाल्यावर घर इतकं गप्प झालं की स्वयंपाकघरातला फ्रिज पडवीत ऐकू येत होता. सासूबाई खुर्चीत होत्या, मान मागच्या खोलीकडे वळवून. काही ऐकू येतंय का, हे मी विचारलं नाही. मीही ऐकत होते.

रविवारी सकाळी साडेसहाला मी चंदेरी रंगाची बाटली ढवळली. गुरुजी आठला यायचे होते, स्वयंपाकाला बाई सांगितल्या होत्या. मागच्या खोलीत गेले तर सासूबाई आंघोळ करून खुर्चीत बसलेल्या. भिंत चाचपडत एकट्या आल्या असणार.

“आज घासायचं नाय?”

“नाही. आज रंग.”

“रंगाला आवाज नसतो.”

“नसतो.”

“मग मला कसं कळायचं?”

मी ब्रश रंगात बुडवला. काम करताना बोलायची मला सवय नाही. “सांगते,” म्हटलं. “नाक.” त्या म्हणाल्या, “हां.” “पुढच्या काचांच्या खालचा भाग.” “हां.” “सात खिडक्या. त्यांना लावायचा नाही, मधून मधून जायचं.” “हळू जा गो.” “आता शेपूट. आता उजवा पंख, मुळापासून टोकाकडे.” दीड तास मी सांगत होते आणि त्या हुंकार देत होत्या. एक रेघ रंगली, की तिचं नाव.

डाव्या पंखाशी आले तेव्हा बाहेर स्कूटर थांबली. दीर दारात आला.

“वहिनी, गुरुजी आलेत.”

“बसू दे त्यांना,” सासूबाई म्हणाल्या. “तू सांग गो. डावा पंख. पुढे?”