सांडलेला कांदा

चाकणच्या कांदा बाजारात मी चार वर्षं निवडणीला होते. तेव्हा चाकणला आजच्यासारख्या कंपन्या नव्हत्या. नवरा एसटीने भोसरीला वर्कशॉपमध्ये जायचा आणि मी बाजारात. लिलाव उरकून ट्रक भरले की जमिनीवर सांडलेला कांदा आम्हा निवडणाऱ्या बायकांचा, असा रिवाज होता. त्या कांद्यावरून आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या.

म्हणूनच त्या कुत्रीसाठी बायकांनी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. बाजारातच वाढलेली, पिवळसर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली तिचा मागचा पाय चिरडला. चार दिवसांत त्यात किडे पडले. हमालांनी तिला पोत्यात घालून लांब टाकून यायचं ठरवलं, तेव्हा मी आडवी उभी राहिले. भांडणात मला कोणी हरवत नसे. त्याच पोत्यात घालून मी तिला गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. कापायचे पैसे नकोत, पण इथली औषधं सगळी बैलांसाठी. भुलीचं औषध आणि इंजेक्शनं तुम्हाला बाहेरून आणावी लागतील.

आमच्यात सगळ्यांत थोरली एक मावशी होती. एकेका कांद्यासाठी हिशेबाने भांडणारी बाई. दुसऱ्या दिवशी तिने गोण्यांच्या थप्पीशेजारी एक रिकामी टोपली ठेवली आणि सांडलेल्या कांद्याची पहिली ओंजळ स्वतः टाकली. मग रोज प्रत्येकीची एक ओंजळ. आठवड्याच्या बाजाराला मावशी तो कांदा विकायची, माझा नवरा शिफ्ट सुटल्यावर पिंपरीहून औषधं आणायचा आणि ती हातात देताना मला वेडी म्हणायचा.

पाय कापला. जखम भरली. ती तीन पायांवर उड्या मारत शेडपर्यंत आली, तेव्हा बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

तिचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. रक्त फार गेलंय, अंगात ताकद यायला हवी, म्हणून मी भाकरी कुस्करून त्यात परतलेला कांदा घालायचे, तेलाला हात न आखडता. नुसती भाकरी ती हुंगून सोडून द्यायची. कांदा घातला की ताटली चाटूनपुसून लख्ख. आमच्या घरात पोरं त्यावरच वाढली होती, मग तिला का नको?

महिन्याभरात ती पडून राहायला लागली. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. डॉक्टरांनी रक्त वाढायची इंजेक्शनं लिहून दिली. बायका आता एकीऐवजी दोन ओंजळी टाकू लागल्या. मीही भाकरीतला कांदा वाढवला.

शेवटी तिला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा ती रिकाम्या पोत्यापेक्षाही हलकी वाटली. डॉक्टरांनी विचारलं, हिला खायला काय घालता? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई, कांद्याने कुत्र्याचं रक्त नासतं," ते म्हणाले. "मी आधीच विचारायला हवं होतं."

दुपारी ती माझ्या मांडीवर गेली. माझ्या डोळ्यांसमोर ती लख्ख ताटली होती. दवाखान्याच्या ओसरीवर मी इतकी रडले की बैल घेऊन आलेली माणसं बाजूला झाली.

बाजारात बायकांनी विचारलं, कशाने गेली? मी म्हटलं, रक्त कमी पडलं. बैलांच्या डॉक्टरला कुत्र्यातलं काय कळतंय, असं म्हणून सगळ्यांनी त्यांना नावं ठेवली. एरवीची तोंडाळ मी, गप्प बसले. पुढे ते भले गृहस्थ बाजारातून जायचे तेव्हा बायका तोंड फिरवायच्या, आणि त्यांनीही कधी खरं सांगितलं नाही. माझ्या त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

ती गेली त्या संध्याकाळी टोपलीत बराच कांदा उरला होता. मावशी ती उचलून माझ्यासमोर आली. तिचेही डोळे सुजले होते.

"तिचं समदं तूच केलंस," ती म्हणाली. "ह्यो कांदा तुझा. पदर धर."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी पदर धरला.