ताईचा आवाज

वाचनालयाच्या सभागृहात ताईच्या शिवणवर्गाचा छोटासा फॅशन शो होता. निवेदन तिनं आजारपणातच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ती गेल्यावर महिन्याभरानं, शोच्या सकाळी, मी स्पीकरवाल्याबरोबर आवाज जुळवत होते. मागच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून त्यानं तो वाढवला, तशी आई खुर्चीतून उठली.

"एवढा नको हो," ती म्हणाली. "ती कधी इतक्या मोठ्यानं बोललीच नाही."

गेलेल्या माणसाचा आवाज जपून ठेवता येतो. तो किती हळू होता, हे मात्र घरच्यांनाच ठाऊक असतं. मी आवाज कमी करायला लावला.

संध्याकाळी मागे बसलेल्यांना काही नीट ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेत आई ताईच्या प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती.