आवणीची बावीस कार्डं

लोणावळ्यात चार दिवस पाऊस उघडला नव्हता. भिंतींना ओल आलेली, कपड्यांना वास सुटलेला. हिरा शेलार सकाळच्या गाडीनं बेगडेवाडीहून आली, ओली छत्री जिन्याखाली टाकली आणि कारखान्याच्या कॉम्प्युटर-खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. आत शंभर वॅटचा दिवा जळत होता. भोकं पाडलेली कार्डं त्या उबेत शेकवायची, मगच यंत्राला द्यायची. दमट कार्ड आत अडकलं की अर्धा दिवस गेलाच.

मॅट्रिक झालेली नथू शेलाराची ही पोर सात वर्षं इथं कार्डं पाडत होती. नथूही याच कारखान्यात होता. एका आषाढात भाताच्या आवणीला, रोपं लावायला, घरी राहिला, अकराव्या दिवशी परतला तर नाव कमी झालेलं. दहा दिवस गैरहजर की नाव कमी, हा कारखान्याचा नियम. मरेपर्यंत तो माणूस या गेटापुढून मान खाली घालूनच गेला.

म्हणून कॉम्प्युटर आला तेव्हा हिरानं जुन्या साहेबांचा पिच्छा पुरवला आणि बावीस कार्डांचा एक तुकडा प्रोग्रॅममध्ये घालून घेतला. ज्याच्या हजेरीकार्डावर आवणीचा ‘ए’ असेल, त्याचे चौदा दिवस रजेत धरायचे. एवढंच काम.

मुंबईहून नवे साहेब आले. त्यांनी कोबोल या प्रोग्रॅमच्या भाषेची नवी आवृत्ती बसवली, आणि जुने जे जे तुकडे तिला चालेनात ते सरळ केरात टाकले. ती बावीस कार्डं हिरानं केरातून उचलली.

“साहेब, हे लागतं.”

“जुनं झालंय, मिस शेलार,” साहेब म्हणाले होते. वर बघितलंही नव्हतं.

आज यंत्रानं नावं कमी करायची पहिली यादी छापली. शिपाई सीतारामनं कागद फाडला आणि तिथंच थबकला.

“हिराबाई, ह्ये वं काय? बुधा, कान्हू, सावळा... भुशी गावची समदी मानसं कमी! अकरा नावं हायती. बारा वाजता गेटावर लावायचीय म्हनं.”

हिरानं यादी हिसकावली. कानशिलं तापली. ती धडक साहेबांच्या टेबलाशी गेली.

“ही यादी न्हाई जायाची.”

“का? प्रोग्रॅम चालला. एक चूक दाखवली नाही यंत्रानं.”

“चालला म्हंजी बरुबर झाला व्हय?” शहरातली बोली तिच्या तोंडून पार गळून गेली. “मानसं चिखलात वाकल्याती आवणीला! तुमी खाता तो भात कुटनं येतो, साहेब? माझ्या बापाचं नाव असंच गेलतं. आता यंत्राच्या हातनं एवढ्या जनांचं घालवता?”

“हा नियम कुठं लिहून ठेवलाय का? मला कसं कळणार?”

तो घाव बरोबर बसला. लिहिलं नव्हतंच, तोंडी ठरलेलं होतं. आपलीही चूक दिसताच हिरा आणखीच पेटली. कपाटातली बावीस कार्डं आणून तिनं टेबलावर आपटली.

“हितं हाय की! सांगितलं तवा बघितलं का? आता नव्या भाषेत कसं म्हनायचं ते तुमी लिवा. कार्डं मी पाडते. बारा वाजायच्या आत.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिचा चेहरा. लाल होत त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. जुन्या बावीस कार्डांचं काम नव्या भाषेत नऊ कार्डांत बसलं. हिरानं ती दातओठ खात पाडली. यंत्राचा खडखडाट तिच्या रागाइतकाच जोरात चालला होता.

पावणेबाराला यादी पुन्हा छापून आली. नाव एकच राहिलं, वैशाखातच मुंबईला पळालेल्या एका पोराचं.

“झालं?” साहेब म्हणाले.

“न्हाई झालं.” नऊ कार्डांतलं पहिलं उचलून तिनं वरच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: ‘आवणीची रजा. काढू नये.’ आणि पेन्सिल टेबलावर इतक्या जोरानं ठेवली की ती मोडली.

सीताराम यादी घेऊन गेटाकडं गेला. हिरानं पुढच्या हजेरीचा गठ्ठा उचलला, दमट कार्डं फणकाऱ्यानं बोटांनी सुटी केली आणि एकेक करून दिव्याखाली मांडायला लागली.