समुद्र अक्कांच्या रेघा

समुद्र अक्का प्रिंटला हात लावत नसत. बोट कागदापासून अर्धा इंच वर धरून त्या ते हळूहळू फिरवत, मध्येच थबकत आणि म्हणत, "ही बघा, आली." मला करड्या कागदाशिवाय काही दिसायचं नाही.

राजाजीनगरात माझं मोठ्या छपाईचं दुकान आहे. लग्नाचे बॅनर, नेत्यांचे वाढदिवस, इमारतींचे नकाशे. समुद्र छापून घेणारं गिऱ्हाईक एकच, म्हणून दुकानात त्यांचं नाव समुद्र अक्का. अक्का बनशंकरीहून मेट्रोने येत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळायचं. मी मिरजेहून एक पिशवी घेऊन आलेला. वयाने त्या माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला अण्णाच म्हणत.

एका सरकारी संशोधन कार्यालयात त्या उपग्रहाने टिपलेली चित्रं तपासायच्या. यंत्रातून कागद सरकत असताना मला समजावत. "समुद्राच्या पोटातही लाट असते अण्णा. वरचं पाणी गरम, खालचं गार. त्या दोघांच्या मधून ती चालते. आत चार-पाच मजली उंच, वर मात्र पाणी स्वल्प खरखरीत होतं, तेवढंच. ती खरखर उपग्रहाला दिसते. एक रेघ उजळ, एक काळी. थोरली पुढे, धाकट्या मागे." मी यंत्रावर नजर ठेवून इथल्यासारखं "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत असे.

माझ्याशी भाव न करणारा माणूस मला आवडत नाही. अक्का पैशाचं बोलतच नसत. त्या घासाघीस करायच्या ती काळ्या रंगाच्या छटेवरून.

"अजून अर्धी छटा उजळ."

"कागद पांढरा पडेल अक्का."

"मग पाव."

पावावर आमचं जमायचं.

दुकानाचा एक नियम आहे. आधी नमुन्याची पट्टी छापायची, गिऱ्हाइकाने तिच्यावर सही करायची, मगच मोठी प्रिंट. हा नियम मी एकदाच मोडला.

अक्कांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. अंदमानच्या समुद्रात एका जागी लाटा येतात, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे म्हणत, तिथे नाहीत. चित्रात लाटेची फक्त वरची खूण दिसते. लाट खरोखर मोजायची तर जहाजातून तिथे उपकरणं खोल सोडायला हवीत. त्या जहाजावर जागा द्यायची की नाही हे समिती ठरवणार होती. पडद्यावर बारीक रेघा विरून जातात, म्हणून अक्का मोठी प्रिंटच टेबलावर पसरणार होत्या. नेमका त्यांना ताप आला. फोन केला, "शिपाई येऊन घेऊन जाईल. सही तुम्हीच करा अण्णा. मला काय पाहिजे ते तुम्हाला ठाऊक आहे."

या वेळी फाइल अक्कांनीच उजळून पाठवली होती. पट्टी छापली, तर तिच्यावर मलाही दिसतील अशा आडव्या रेघा. आमच्या धंद्यात आडवी रेघ म्हणजे यंत्राचं शाई सोडणारं हेड चोंदलं, दुकानदाराची लाज. दोनदा हेड साफ केलं, रेघा गेल्या नाहीत. म्हणजे दोष चित्रातच आहे, असं मी ठरवलं. कॉम्प्युटरपुढे बसून दोन तास एकेक रेघ पुसली. इतकं जीव लावून काम मी कुणाचं केलं नव्हतं. समुद्र स्टीलच्या ताटासारखा स्वच्छ झाला. पट्टीवर मी सही केली.

दोन दिवसांनी अक्का आल्या. चेहरा उतरलेला. तापातच त्या बैठकीला गेल्या होत्या. समितीने विचारलं, लाट कुठे आहे? त्यांनी आठवणीने जागा दाखवली, कोणीतरी हसलं. जहाज दुसऱ्या कामाला गेलं.

माझा पारा चढला. "नमुना बघायला यायचं होतं! रेघा ठेवायच्या असतात, हे मला कोणी सांगितलं?"

"तीन वर्षं सांगतेय की, अण्णा," अक्का म्हणाल्या. आवाज नेहमीचाच.

माझी तक्रार हीच आहे. लोक माझ्याशी भांडतात, चार शब्द ऐकवतात, मग आम्ही कॉफी पितो आणि मिटतं. अक्कांनी मला तेवढीही संधी दिली नाही. पुन्हा दुकानात आल्या नाहीत. निवृत्त झाल्या, दोन वर्षांत गेल्या. श्रद्धांजलीचा बॅनर त्यांच्या घरच्यांनी दुसरीकडे छापून घेतला, हेही मला लागलं.

तेव्हापासून रेघ दिसली की माझा हात थांबतो. एका नेत्याच्या बॅनरवर गालावरून बारीक रेघ गेलेली. मी कार्यकर्त्याला फोन लावला, "ही रेघ ठेवायची का?" तो म्हणाला, "वेड लागलंय का तुम्हाला?" लागलं असेल. एकसारखा करडा रंग छापायला आला की मी उन्हात नेऊन बघतो, खाली काही पुसलं गेलंय का. अक्कांची मूळ फाइल कॉम्प्युटरमधून काढून टाकणं मला जमलेलं नाही.

मागच्या महिन्यात मारतहळ्ळीहून एक मुलगी पोस्टर घेऊन आली. पुण्याची, त्याच कार्यालयात नवी. पोस्टरवर रेघा होत्या. थोरली पुढे, धाकट्या मागे.

"अंदमान ना?" मी म्हटलं.

ती चकित झाली. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

तिच्या कार्यालयाने आता तिथे उपकरणं सोडली होती, लाट सापडली होती. मी खालची नावं वाचली. अक्कांचं नव्हतं. मी त्यांचं नाव घेतलं.

"त्यांचा जुना अर्ज आहे फाइलमध्ये," ती म्हणाली. "पण त्याला लावलेलं चित्र एकदम प्लेन आहे. वर शेरा मारलाय, लाट आढळत नाही."

ओरडायला मी माणूस शोधत होतो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"रेघा मी पुसल्या," मी म्हटलं आणि मूळ फाइल उघडली. ती वाकून मोजू लागली. "सात! काका, ही आमचीच जागा आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "हे लिहून द्याल? मी अर्जाला जोडते."

"त्यांचं नाव घालणार असाल तर देतो."

"ते माझ्या हातात नाही. वरचे ठरवतील."

"निदान आभारात?"

"शब्द नाही देता येणार, काका."

आपली चूक मी आजवर कुणाला लिहून दिलेली नाही; समोरच्याकडून काही कबूल करून घेतल्याशिवाय तर कधीच नाही. त्या दिवशी मी कागद ओढला आणि लिहिलं: तिथे लाट होती. अक्कांना ती दिसली होती. मी ती खराबी समजून पुसली.