टाकीची दांडी

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी तिथल्या भंगारातला बुडी मारायचा एक जुना संच कोल्हापुरात आणला. पाठीवर बांधायची पिवळी लोखंडी टाकी, तोंडापासून मानेमागं जाणाऱ्या दोन जाड रबरी नळ्या आणि काचेचा मुखवटा. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. नदीत कुणी बुडालं की पोलीस त्यांना बोलवायचे. नळ्यांना भेगा पडू नयेत म्हणून पावडर चोळायची आणि काठावर दोरी धरायची, ही कामं माझी.

हवा किती उरली हे दाखवणारा काटा त्या टाकीला नव्हता. बाजूला एक लोखंडी दांडी होती. पाण्यात उतरताना ती वर असायला लागायची. श्वास जड झाला की हात मागं नेऊन ती खाली ओढायची. मग राखून ठेवलेली थोडी हवा सुटायची, तेवढ्यात वर यायचं. दांडी आधीच खाली असली तर ती राखीव हवाही नकळत संपून जायची. माझी चौथीच झालेली, पण एवढं मला कळत होतं.

खंडेनवमीला मी टाकीला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सकाळीच कसबा बावड्याच्या बंधाऱ्यावर एकजण बुडाल्याचा निरोप आला. घाईत मी हार ओढून काढला. तो दांडीत अडकला होता. दांडी खाली आली ते मला दिसलं नाही. उतरण्याआधी ती बघायचं काम मालकांचं. पण काठावर गर्दी, "पाणबुडं आलं, सरका की!" असा ओरडा, आणि मालकांची छाती फुगलेली. त्यांनी बघितलं नाही.

थोड्या वेळानं दोरीला तीन हिसके बसले. तीन म्हणजे ओढा. मी आणि चार गड्यांनी ओढलं. मालक वर आले ते निळे पडून. उजव्या कानातून रक्त.

"दांडी आधीच खाली हाय की गं! कुणी ओढली?"

"हार काढताना आली आसंल. तुमी बघितली न्हाय व्हय?"

"तोंड बंद ठेव."

लोक म्हणाले, "आंबाबाईनं वाचिवलं." दोरीनं सोललेले माझे तळवे कुणी बघितले नाहीत. बुडालेल्याचं मढं दोन दिवसांनी आपोआप वर आलं.

उजव्या कानाचा पडदा फाटला, त्या कानानं ऐकू येईना. बुडी बंद झाली. मरेपर्यंत पंधरा वर्षं ते आल्यागेल्याला सांगत, "हिनं माझा जीवच घेतला आसता." डाव्या कानाशी बोललं की भांडण व्हायचं. म्हणून मी चहा घेऊन उजव्या बाजूनं जायची आणि म्हणायची, "दांडी तुमी बघायची हुती."

ते मान न वळवता चहा प्यायचे.