लाल तोंडाचा कपाटवाला

जुनी कपाटं विकण्याच्या धंद्यात कपाटवाल्याचं खरं भांडवल म्हणजे त्याचं मख्ख तोंड. प्लायवूडला सागवान म्हणताना गड्याची पापणी लवत नसे. तो स्वतःच म्हणायचा, "माझ्या दुकानात अस्सल असं एकच, माझी थाप."

एके सकाळी डोक्यात घण पडल्यासारखी कळ आली आणि 'ड्रॉवर' म्हणायला गेला तर तोंडातून 'उशी' बाहेर पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा फोटो दाखवला. मेंदूच्या रक्तवाहिन्या जागोजागी आकसून दोऱ्याएवढ्या झाल्या होत्या.

"या गोळीने त्या रुंद होतील. दर चार तासांनी घ्यायची. चुकवलीत तर वाचा जाऊ शकते. तोंड लाल होईल, घाबरू नका."

"होऊ दे, बाई. आजवर कधी लाजलो नाही, मागची बाकी फिटेल."

पण दुकानात पंचाईत झाली. 'अस्सल सागवान' म्हणायला आणि कानापासून गळ्यापर्यंत पेटायला एकच गाठ पडे! गिऱ्हाईक हसून म्हणे, "काका, खोटं पचत नाही वाटतं तुम्हाला." तीस वर्षं पचलेलं!

मग शहाण्याने अक्कल पाजळली. दुकानाच्या वेळेतली गोळी न घेता खिशात ठेवू लागला. दोन दिवस थापा झकास चालल्या. तिसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन दारात आली. त्याला साधं 'अगं' म्हणायचं होतं.

"टेबल," तो म्हणाला.

ती हसली. मग त्याचा लुळा पडलेला हात तिला दिसला.

आठवडाभर इस्पितळात काढल्यावर हात हलू लागला, शब्दही एकेक करून परतले. बायकोने तोंडाचा पट्टा सोडला, "अहो, थापा मारायला तोंड हवं, म्हणून तोंडच घालवत होता? अक्कल कुठे गेली होती?"

"अक्कल कधी होती, तेवढं विचार," तो म्हणाला.

आता तो गिऱ्हाईकासमोरच गोळी घेतो. परवा एकाने मोठं कपाट ठोकून पाहिलं.

"लाकूड कुठलं?"

"प्लायवूड," कपाटवाला खरं बोलला आणि टोमॅटोसारखा लाल झाला.

गिऱ्हाईकाने डोळा मारला. "कळलं हं. सागवान आहे, द्यायचं जिवावर आलंय!"

"प्लायवूड आहे हो!"

गिऱ्हाईक सागवानाचे पैसे मोजून, कपाट टेम्पोत घालून निघालंसुद्धा. कपाटवाला रस्त्यापर्यंत मागे धावला. "प्लायवूड! प्लायवूड!" दर वेळी हवा तोच शब्द बाहेर पडत होता. टेम्पो वळून दिसेनासा झाला, तरी हा आपला ओरडतोच आहे.